ट्रान्समिट पॉवर 'हाय'वरून खाली आणा

ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वाय-फाय हवेत सोडणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमध्ये 'ॲडव्हान्स्ड' नावाचं एक पान असतं. ते उघडलं की बहुतेकांचा हात आधी ट्रान्समिट पॉवरकडे जातो. ती 'हाय', मग चॅनल विड्थ असेल त्यातली सगळ्यात मोठी, आणि काम फत्ते. आठवडाभरात तक्रार सुरू होते: रेंज तर फुल्ल दाखवतंय, पण व्हिडिओ कॉल अडकतोय.

या पानावरच्या बहुतेक सेटिंगचा संबंध रेंजपेक्षा हवेतल्या वेळेशी असतो. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा मूळ नियम. शेजारच्या फ्लॅटमधला राउटर तुमच्याच चॅनलवर असेल, तर त्याचं बोलून होईपर्यंत तुमचा गप्प बसतो. सिग्नलच्या दांड्या मात्र तेव्हाही भरलेल्याच दिसतात. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी एवढंच विचारायचं, की याने हवा मोकळी होणार की अडणार?

उदाहरणासाठी एक जागा धरू. आरसीसी इमारतीतला तीन बेडरूमचा फ्लॅट, दोन ॲक्सेस पॉइंट, दोन्हींना केबल आलेली, फायबर २०० एमबीपीएसचं, आणि स्कॅन केल्यावर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं.

आधी मोजा. अँड्रॉइडवर कुठलंही वाय-फाय ॲनालायझर चालेल, पण अँड्रॉइड ९ पासून ॲपच्या स्कॅनवर लगाम आहे, दोन मिनिटांत चारच. अँड्रॉइड १० आणि पुढे डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग' बंद करता येतं. ते केलं नाही तर तुम्ही बेडरूममध्ये पोचलेले असता आणि फोन हॉलचाच आकडा दाखवत बसतो. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमध्ये स्कॅनर दडलेला आहे, तो फोनच्या सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज (हवेतली खरखर), चॅनल आणि टीएक्स रेट (पाठवण्याचा वेग) एका जागी मिळतात.

मोजायचं ते जिथे खरंच बसतो तिथे: पलंगावर, कामाच्या टेबलाशी, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते, उणेपुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल दणकट. उणे ६५ ते उणे ६७ डीबीएम मिळाला की घर उत्तम चालतं. उणे ७५ च्या पुढे कॉल तुटायला लागतात. नॉइज साधारण उणे ९५ च्या आसपास असतो. सिग्नल आणि नॉइज यांत २५ डीबीचं अंतर असेल तर काळजी नाही. वेग तपासायला इंटरनेटवरची स्पीड टेस्ट वापरू नका, त्यात कंपनीच्या लाइनचे चढउतार मिसळतात. एक लॅपटॉप केबलने जोडून, दुसऱ्यावरून आयपर्फ (दोन उपकरणांमधला वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा. तो आकडा फक्त तुमच्या हवेचा असतो.

कंट्री कोड इंडियाच हवा. चॅनलची यादी, पॉवरची मर्यादा, रडारचे नियम (काही चॅनल रडारही वापरतात, तिथे वाय-फायला बाजूला व्हावं लागतं) हे सगळं त्यावरून ठरतं. जास्त पॉवर मिळते म्हणून दुसरा देश निवडणारे असतात. ते नियमबाह्य तर आहेच, शिवाय फोनची पॉवर त्याने कणभरही वाढत नाही.

आता २.४ गिगाहर्ट्झ, वाय-फायचा जुना बँड. भारतात इथे १ ते १३ चॅनल आहेत, पण ते ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि प्रत्येकाला लागतात २० ते २२. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. ॲनालायझरमध्ये १ आणि ६ च्या मधे मोकळी जागा दिसली की ३ वर जाण्याचा मोह होतो. तो टाळा. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांची भाषा ओळखतात आणि उणे ८२ डीबीएमइतका क्षीण आवाज आला तरी थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचं बोलणं मात्र समजत नाही, ते नुसता कलकलाट ठरतं, आणि त्याच्यासाठी थांबायची पातळी आहे उणे ६२. म्हणजे ३ वर बसलेला राउटर १ वाल्यांनाही धडकतो आणि ६ वाल्यांनाही, रांगेत मात्र कुणाच्याच नाही. त्यापेक्षा गर्दीच्या ६ वर रांगेत उभं राहणं परवडलं.

विड्थ इथे २० आणि २० च. ४० केली की तीनपैकी दोन चॅनल एकट्याने खाल्ले.

मायक्रोवेव्हचं दुखणं याच बँडमध्ये. त्याचा मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि साध्या ओव्हनमध्ये विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच पेटतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हे १० मिलिसेकंद चालू, १० बंद असं होतं. वाय-फाय त्या फटींतून कसंबसं निभावतं, आवाजाचा कॉल मात्र दूध गरम होईपर्यंत खरखरतो. ओट्याजवळच्या ॲक्सेस पॉइंटला १ द्या, ६ आणि ११ ला त्याचा त्रास जास्त होतो.

चॅनल 'ऑटो'वर ठेवायचा का? बरीच स्वस्त उपकरणं चॅनल फक्त सुरू होताना निवडतात. इमारतीची लाइट जाते, परत येते, सगळ्या मजल्यांवरचे राउटर एकाच मिनिटात जागे होतात. तेव्हा हवेत कुणीच बोलत नसतं, प्रत्येकाला चॅनल मोकळाच दिसतो आणि बरेचजण एकाच ठिकाणी जाऊन बसतात. दोनच ॲक्सेस पॉइंट असतील तर हाताने नेमून द्या, एकाला १, दुसऱ्याला ११.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. २०१८ च्या अधिसूचनेनंतर भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतात. पण विड्थचा हव्यास धरला की हीसुद्धा पुरत नाही. रडारची भानगड नको असेल तर ८० मेगाहर्ट्झचे दोनच ठोकळे मिळतात: ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. शेजारपाजारचे सगळे राउटर याच दोन ठोकळ्यांत कोंबलेले असतात. १६० निवडलंत तर ३६ ते ६४ हा सलग पट्टा लागतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग रडारवाला आहे, किंवा १०० ते १२८, तो तर पूर्णच रडारवाला.

विड्थ दुप्पट केली की नॉइजही दुप्पट आत येतो, म्हणजे ३ डीबी तोटा. राउटरच्या जवळ हे जाणवत नाही, दोन भिंतींपलीकडे जाणवतं. हिशेब करून पाहा: दोन अँटेनांच्या वाय-फाय ६ फोनला ८० वर कमाल १२०१ एमबीपीएसचा लिंक रेट मिळतो, ४० वर ५७४. प्रत्यक्ष हातात साधारण त्याच्या साठ टक्के पडतात, म्हणजे ४० वरही साडेतीनशेच्या आसपास. कनेक्शन २०० चं. मग उरलेले ४० मेगाहर्ट्झ अडवून मिळवलं काय? घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवत असाल, एनएएस (घरातली नेटवर्कवरची साठवण) असेल, तर ८० ठेवा. नाहीतर ४०. आणि दोन्ही ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या ठोकळ्यांत.

रडारवाले चॅनल, ज्यांना मेनूमध्ये डीएफएस म्हणतात, ते ५२ ते ६४ आणि १०० ते १४४. इथे बसण्याआधी ॲक्सेस पॉइंटला किमान ६० सेकंद नुसतं ऐकत राहावं लागतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव तेवढा वेळ गायब असतं, म्हणून लोक घाबरून रीस्टार्ट करतात आणि पुन्हा ६० सेकंदांपासून सुरुवात. १२०, १२४, १२८ हे हवामान रडारच्या पट्ट्यात येतात. तिथे युरोपच्या नियमांप्रमाणे ऐकण्याचा वेळ १० मिनिटं आहे आणि बरीच उपकरणं तोच पाळतात. रडारची चाहूल लागली की १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि ३० मिनिटं परत फिरकायचं नाही.

म्हणून डीएफएसला हात लावायचा नाही, असं मी म्हणणार नाही. उलट गर्दीच्या सोसायटीत सगळ्यात शांत हवा तिथेच सापडते, कारण बहुतेक घरगुती राउटर तिकडे जातच नाहीत. फक्त लॉग पाहायची सवय ठेवा. आठवडाभरात 'रडार डिटेक्टेड' एकदाही आलं नाही तर खुशाल राहा, दिवसातून दोनदा येत असेल तर बाहेर पडा. मुंबईत वेरावलीचं हवामान खात्याचं रडार सी-बँडचं, म्हणजे याच ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं आहे. अंधेरी-जोगेश्वरीच्या बाजूला वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी १२० ते १२८ हे चॅनल सोडूनच द्यावेत.

आता पॉवर. डीबीएमचं गणित तोंडपाठ हवं: १४ म्हणजे २५ मिलिवॉट, १७ म्हणजे ५०, २० म्हणजे १००, २३ म्हणजे २००. प्रत्येक ३ ला दुप्पट. समजा ॲक्सेस पॉइंट २३ वर ओरडतोय आणि बेडरूमपर्यंत पोचताना ९० डीबी गळतात. फोनला ऐकू येतं उणे ६७, झकास. पण फोनची स्वतःची ताकद साधारण १४ च्या आसपास, बॅटरीचं यंत्र ते. त्याचं उत्तर त्याच भिंतींमधून परत जाताना ॲक्सेस पॉइंटला ऐकू येतं उणे ७६. फोनच्या दांड्या भरलेल्या, आणि पलीकडे तुमचा आवाज तुटतोय. ॲक्सेस पॉइंटचे कान फोनपेक्षा थोडे तिखट असतात, त्यामुळे अगदी १४ वर उतरायची गरज नाही. ५ गिगाहर्ट्झला १७ ते २० पुरते. २.४ ला त्याहून ६-७ डीबी कमी, म्हणजे १० ते १३. कारण तेवढ्याच अंतरात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मोकळ्या हवेतही सुमारे ७ डीबी जास्त क्षीण होतो, भिंतीत आणखी. दोन्हींची पॉवर सारखी ठेवली तर फोनला २.४ नेहमी दणकट दिसतो आणि तो तिथेच चिकटून बसतो.

दोन ॲक्सेस पॉइंटच्या घरात पॉवर कमी करण्याचं याहून मोठं कारण म्हणजे कुठे जोडायचं ते ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही, फोन ठरवतो. ॲपलने आयफोनचा हिशेब जाहीर केलेला आहे. सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय तो दुसरीकडे बघतच नाही. बघितलं तरी दुसरा किमान ८ डीबीने सरस हवा, आणि फोन नुसता पडून असेल तर १२ डीबीने. आता हॉलमधला ॲक्सेस पॉइंट 'हाय'वर असेल आणि बेडरूममध्ये त्याचाच उणे ६४ मिळत असेल, तर डोक्यावरचा दुसरा ॲक्सेस पॉइंट उणे ४५ देत असला तरी आयफोन मान वळवणार नाही. हॉलवाल्याची पॉवर ७-८ डीबीने उतरवा, बेडरूममध्ये त्याचे उणे ७२ होतात, आणि आयफोन आपणहून हलतो.

हेच काम 'मिनिमम आरएसएसआय'ने धाक घालून करता येतं. ठरावीक पातळीखाली गेलेल्या फोनला ॲक्सेस पॉइंट हाकलून देतो. पण आधी पॉवर नीट लावा, मग लागलंच तर हे, आणि तेही उणे ७८ ते ८० च्या आसपास. उणे ७० वर लावलंत तर बाथरूमजवळचा फोन हाकलला जाईल, दुसरं काही न मिळाल्याने परत जोडेल, परत हाकलला जाईल. बाहेरून हे 'वाय-फाय सारखं तुटतंय' असं दिसतं आणि कारण सापडता सापडत नाही.

ज्या सेटिंगकडे कुणी बघत नाही आणि जिचा फायदा सगळ्यात जास्त, ती म्हणजे किमान डेटा रेट. प्रत्येक वाय-फाय नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी 'मी इथे आहे' अशी दवंडी देतं, तिला बीकन म्हणतात. २.४ वर ही दवंडी मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपीएसने जाते. ३०० बाइटचा बीकन धरा. २४०० बिट, म्हणजे २४०० मायक्रोसेकंद, वर प्रस्तावनेचे, म्हणजे सुरुवातीच्या ओळखीच्या भागाचे, १९२. साधारण २.६ मिलिसेकंद. सेकंदाला जवळपास दहा वेळा. एका नावाची हवा झाली २.५ टक्के. घरचं, पाहुण्यांचं, बल्बांचं, ऑफिसचं अशी चार नावं काढलीत की १० टक्के हवा कुणी काही न करताच संपली. नाव लपवलं तरी बीकन जातोच, फक्त त्यात नाव नसतं. दुसरा ॲक्सेस पॉइंट आणि शेजारचे चार राउटर त्याच चॅनलवर असले की पुढचा आकडा तुम्हीच काढा.

हाच बीकन ६ एमबीपीएसने पाठवला तर सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतो, सहापट स्वस्त. म्हणून २.४ वर १, २, ५.५ आणि ११ हे जुने रेट बंद करून किमान ६ ठेवा, ५ वर किमान १२. मल्टिकास्टचा माल, म्हणजे कास्ट करायला टीव्ही शोधणं, प्रिंटर शोधणं वगैरे, तोही किमान रेटने जातो, तो आपोआप सुधारतो. गोची एकच: फक्त ८०२.११बी, म्हणजे वाय-फायची जुनी पिढी, जाणणारं एखादं जुनं प्रिंटर किंवा बारकोड स्कॅनर कायमचं गायब होईल. बदल केल्यावर दुसऱ्या दिवशी घरातली सगळी उपकरणं यादीत आहेत का ते तपासा. आणि नावं दोनपेक्षा जास्त ठेवू नका.

स्मार्ट बल्ब, प्लग, गीझरचे स्विच यांतल्या बऱ्याच वस्तूंत ईएसपी८२६६ सारखी साधी चिप असते. ती फक्त २.४ जाणते. त्यांच्यासाठी एक नाव वेगळं काढा: डब्ल्यूपीए२ (जुनी पासवर्ड-सुरक्षा), पीएमएफ (नियंत्रण संदेशांचं संरक्षण) बंद किंवा ऐच्छिक, ८०२.११आर (एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटपट जाण्याची सोय) बंद, टीडब्ल्यूटी (उपकरणाला वेळ ठरवून झोपवणं) बंद. तिथे वाय-फाय ६ बंद केलं तरी काही बिघडत नाही. मुख्य नावावर हवं ते चालू ठेवा. ८०२.११के आणि व्ही, म्हणजे फोनला दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायला मदत करणाऱ्या सोयी, सहसा कुणाला त्रास देत नाहीत. आर मात्र काही जुन्या उपकरणांना जोडूच देत नाही, पासवर्ड बरोबर असूनही 'कनेक्ट होत नाही' असं दिसलं तर पहिला संशय तिच्यावर घ्या. ड्रायव्हर जुना असलेल्या लॅपटॉपला वाय-फाय ६ चं नावच दिसत नाही, तिथे ड्रायव्हर बदला, ॲक्सेस पॉइंट नको.

बीकन इंटरव्हल १०० (म्हणजेच वरचे १०२.४ मिलिसेकंद), डीटीआयएम जसं आहे तसं, आरटीएस आणि फ्रॅगमेंटेशनचे थ्रेशोल्ड मूळ २३४६-४७ वर. यांना हात न लावता वर्षानुवर्षं चालतं. इंटरनेटवर 'बीकन ५० करा, वेग वाढेल' असे सल्ले फिरतात. वाढत काही नाही, दवंड्या दुप्पट होतात.

हे सगळं करताना लॅपटॉप केबलने जोडलेला असू द्या. रेडिओची कुठलीही सेटिंग सेव्ह केली की सगळ्यांचं कनेक्शन क्षणभर तुटतं, आणि चुकीचा आकडा पडला तर वाय-फायवरून परत आत जाता येत नाही. आधी बॅकअप फाइल उतरवून घ्या. एका वेळी एकच बदल, आणि तो संध्याकाळी आठ ते दहाच्या गर्दीत तपासा. दुपारी तीन वाजता सगळंच छान चालतं.

एक सेटिंग घरात निरुपयोगी आणि शेतात जीव की प्राण, ती म्हणजे डिस्टन्स किंवा एसीके टाइमआउट, म्हणजे पाकीट मिळाल्याची पोच यायची किती वेळ वाट पाहायची. वस्तीवरच्या घरातून विहिरीच्या मोटारघरापर्यंत दोन आउटडोअर रेडिओ लावून कॅमेरा जोडतात, तिथे ही लागते. लहरीला एक किलोमीटर जाऊन यायला ६.७ मायक्रोसेकंद लागतात. अंतर कमी भरलं असेल तर पोच येण्याआधीच पाठवणारा कंटाळतो आणि पोचलेलं पाकीटच पुन्हा पाठवतो. सिग्नल उणे ५५ चा खणखणीत आणि वेग दोन एमबीपीएस, असं दिसलं की आधी हे बघा. खऱ्या अंतरापेक्षा थोडं जास्त भरा. उगाच दहा किलोमीटर टाकलंत तर हरवलेल्या प्रत्येक पाकिटामागे रेडिओ ताटकळत बसेल. चॅनल १४९ च्या पुढचा, विड्थ २० किंवा ४०.

पण लिंक पडण्याचं खरं कारण बहुतेकदा सेटिंगमध्ये नसतंच. ५.८ गिगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या लिंकला मधोमध सुमारे ३.६ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि त्यातली किमान साठ टक्के, म्हणजे २.२ मीटर, मोकळी हवी. समोरची टोकं नुसती एकमेकांना दिसणं पुरेसं नाही. आडसाली ऊस लागवडीनंतर लावलेली लिंक सुरुवातीला उत्तम चालते, पुढच्या पावसाळ्यात ऊस तीन मीटरच्या वर जातो आणि ओली पानं बरोब्बर त्या मोकळ्या जागेत शिरतात. तीन मीटर ऊस आणि वर २.२, म्हणजे रेडिओ ५.२ मीटरवर हवा. जीआय पाइप २० फुटी मिळतो, दोन फूट गाडला की वर उरतात जेमतेम ५.५ मीटर. ऊस साडेतीन मीटरचा होणार असेल तर पाइप जमिनीत गाडू नका, मोटारघराच्या भिंतीला क्लॅम्पने बांधून वर उचला.